पंचवीस घरांचं माप

आकड्यांवरून घरं काळी करत चित्र उमटवायच्या चित्रकोड्यांना गुण कसे द्यावेत यावरून सोडवणाऱ्यांमध्ये वाद झडतो तेव्हा बहुधा दोन तट पडतात, आणि मला दोन्हींकडचं म्हणणं कच्चं वाटतं. एका तटाचं म्हणणं असं, की ५ बाय ५ किंवा १० बाय १० घरांच्या कोड्याला पाचपैकी पाच तारे देणं म्हणजे ताऱ्यांची किंमत घालवणं. दोन मिनिटांत सुटणारं कोडं कितीही चांगलं असलं तरी ते तीनच्या वर जाऊ नये. दुसरा तट म्हणतो, कुणीतरी हौसेने वेळ काढून कोडं रचलंय, त्याला कशाला नाउमेद करायचं? द्या पाच आणि पुढे चला. पहिले लोक आकार मोजतात, दुसरे रचणाऱ्याची हौस मोजतात. त्या पंचवीस घरांमध्ये नेमकं काय घडतं हे पाहायला दोघांनाही सवड नाही. माझं मत असं आहे: लहान कोड्याची तुलना लहान कोड्यांशीच व्हावी, ते किती अवघड आहे याचा त्याच्या गुणवत्तेशी संबंध जोडू नये, आणि तर्काचा गुण व चित्राचा गुण एकाच ताऱ्यात कोंबू नये. तसं झालं तर कित्येक लहान कोडी वर येतील आणि तितकीच, किंबहुना त्याहून जास्त, खाली जातील. मला दोन्ही हवं आहे.

ज्यांनी हा प्रकार हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रिकामी चौकट असते. आडवी ती ओळ, उभा तो स्तंभ. प्रत्येक ओळीच्या बाजूला आणि प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर आकडे लिहिलेले असतात. आकडा म्हणजे सलग किती घरं काळी करायची. ‘२ १’ असं लिहिलं असेल तर आधी दोन घरांचा सलग गट, मग किमान एक मोकळं घर, मग एक काळं घर. आडवे आणि उभे सगळे आकडे जुळले की चित्र उमटतं. जपानमध्ये १९८७ साली नॉन इशिदा यांनी उंच इमारतीच्या खिडक्यांतले दिवे चालू-बंद करून चित्रं काढण्याच्या कल्पनेवर एक स्पर्धा जिंकली आणि त्या कल्पनेतून ही कोडी जन्मली. तेत्सुया निशिओ यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तोच प्रकार शोधून काढला. १९९० मध्ये ब्रिटनमधलं ‘संडे टेलिग्राफ’ ती दर आठवड्याला छापू लागलं आणि इशिदांच्या नावावरून ‘नोनोग्राम’ हे नाव पडलं. १९९५ साली निन्टेंडोने ती गेम बॉयवर आणली. त्या यंत्राचा पडदा १६० गुणिले १४४ बिंदूंचा. त्यावर सर्वांत मोठं कोडं १५ बाय १५ घरांचं होतं. लहान चौकट म्हणजे नवशिक्यांची पायरी, ही समजूत घेऊन आज जे बोलतात त्यांनी हा इतिहास लक्षात घ्यावा. कमी घरांत चित्र बसवायचं, हा या प्रकाराच्या जन्मापासूनचा पेच आहे.

आता दोन कोडी जवळून पाहू. दोन्ही ५ बाय ५. पहिलं बदामाचं, जे तुम्ही कुठे ना कुठे सोडवलंच असेल. ओळींचे आकडे वरून खाली: १ १, ५, ५, ३, १. स्तंभांचे डावीकडून उजवीकडे: २, ४, ४, ४, २. दुसरी आणि तिसरी ओळ पाचाची, म्हणजे विचार न करता दहा घरं काळी. तेवढ्याने पहिल्या आणि पाचव्या स्तंभाचे दोन-दोन पूर्ण होतात. कडेचे स्तंभ बाद झाले की चौथ्या ओळीतले तीन मधेच बसतात, पहिल्या ओळीतले दोन एकेकटे दुसऱ्या आणि चौथ्या स्तंभात जातात, आणि शेवटचं एक घर मधल्या स्तंभात. संपलं. शिवाय आकडे डावी-उजवीकडून सारखेच वाचले जातात. उत्तर एकच आहे असा भरवसा असेल तर चित्रही सममितच असणार, हे जाणत्याला आधीच कळतं. म्हणजे पंचवीसपैकी दहा घरांचा विचार मुळात करावाच लागत नाही.

दुसऱ्या कोड्याच्या ओळी: २, ३, २ १, ४, २. स्तंभ: १, ४, ५, २, २. इथे फुकट मिळतो तो एकच स्तंभ, मधला. तो भरल्यावर पहिली ओळ अडते, कारण दोनाचा गट डावीकडेही जाऊ शकतो आणि उजवीकडेही. दुसरी, चौथी, पाचवी ओळसुद्धा अशीच अडते. सुटते ती तिसरी. तिचा ‘२ १’ घ्या. मधलं घर काळं आहे. ते त्या एकाचं असू शकत नाही, कारण दोन घरं आणि एक मोकळं घर सोडल्याशिवाय एकाची पाळी येत नाही, आणि ती चौथ्या घराआधी येणं शक्य नाही. म्हणजे मधलं घर दोनाचं. दोन उजवीकडे सरकले तर एकाला जागा उरत नाही. म्हणून दुसरं-तिसरं काळं, चौथं मोकळं, पाचवं काळं. आता त्या चौथ्या मोकळ्या घराकडे बघा. त्याने चौथ्या स्तंभाचे दोन तुकडे केले, वर दोन घरं, खाली दोन. चौथ्या ओळीतले चार कुठेही ठेवले तरी चौथा स्तंभ व्यापणारच, म्हणजे या स्तंभाचे दोन खालीच. लगेच वरची दोन घरं मोकळी, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या ओळीचे गट डावीकडे सरकतात. दुसऱ्या ओळीने पहिल्या स्तंभाचा एकुलता एक वापरून टाकला, म्हणून चौथी ओळ उजवीकडे ढकलली जाते. पाचव्या ओळीचे दोन मधल्या आणि चौथ्या स्तंभात आपोआप जुळतात. आणि समोर चोच डावीकडे, शेपटी उजवीकडे वर केलेलं बदक पोहताना दिसतं. सगळं कोडं एका मोकळ्या घरावर फिरलं. काळ्या घरापेक्षा मोकळं घर जास्त बोलकं असू शकतं, हे या प्रकाराचं मर्म पंचवीस घरांत कळलं.

या दोन कोड्यांना सारखे तारे मिळावेत का? प्रत्यक्षात मिळतात, बऱ्याचदा बदामाला अर्धा तारा जास्तच, कारण बदाम गोड दिसतो. चित्र शेवटी उमटतं, गुण त्यानंतर लगेच मागितले जातात, आणि शेवटी जे डोळ्यांसमोर असतं त्याची छाया आधीच्या सगळ्यावर पडते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० साली हे दाखवून दिलं होतं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव अशा वेगवेगळ्या बाबींसाठी दिलेले गुण त्यांनी तपासले, तर ते एकमेकांशी नको तितके जुळत होते. एका बाबतीतलं मत बाकीच्या सगळ्या बाबींत झिरपत होतं. प्रशिक्षित अधिकाऱ्यांचं असं होत असेल, तर दोन मिनिटांचं कोडं सोडवून घाईत एक तारा दाबणाऱ्याचं काय होणार? म्हणून तर्काबद्दलचा प्रश्न चित्राच्या नावाआधी विचारायला हवा. कोडं सुटलं, अजून शीर्षक झाकलेलं आहे, तेव्हाच विचारा: पुढचं पाऊल शोधताना मजा आली का? मग नाव दाखवा आणि चित्राबद्दल वेगळं विचारा. नुसता क्रम बदलला तरी बराच फरक पडेल.

चित्राबद्दल विरोधकांचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. लहान चौकटीत ओळखू येईल असं चित्र काढणं फार कठीण आहे, आणि बहुतेकांना ते जमत नाही. बदाम, बाण, कप, घर, फुली, हसरा चेहरा यांचा नुसता रतीब चालतो. पंचवीस घरं काळी-पांढरी करण्याचे ३ कोटी ३५ लाख ५४ हजार ४३२ प्रकार आहेत, त्यांतल्या २ कोटी ५३ लाखांहून अधिक प्रकारांचे आकडे एकच उत्तर देतात, म्हणजे कोडी म्हणून ती चालतात. पण त्यांतली बहुसंख्य म्हणजे नुसते डाग. मग लहान कोडी मुळातच दुय्यम, हा निष्कर्ष बरोबर आहे का? मला तर उलट वाटतं. जिथे डाग कोट्यवधी आणि बदकं मोजकी, तिथे बदक शोधणाऱ्याचं काम जास्त मोलाचं ठरतं. ४० बाय ४० मध्ये मांजर काढायला सोळाशे घरं मिळतात. चार घरं इकडेतिकडे झाली तरी मांजर मांजरच राहतं. ५ बाय ५ मध्ये एक घर हललं की बदकाची किटली होते. आणि तेच घर हलवल्याशिवाय कधी कधी उत्तर एकच राहत नाही. आकडे जुळवण्यासाठी चित्र किती मोडायचं आणि चित्र वाचवण्यासाठी तर्क किती सैल करायचा, ही ओढाताण लहान चौकटीत सर्वांत तीव्र असते. तिचा निकाल ज्याने चांगला लावला त्याला आपण तीन तारे देतो, आणि सोळाशे घरांत छायाचित्र ओतून आकडे काढणाऱ्याला पाच.

‘पण मोठ्या कोड्यात जास्त असतं’, हा सर्वांत जोरकस आक्षेप. तो खराच आहे. ३० बाय ३० च्या कोड्यात तीस ओळी आणि तीस स्तंभ अशा साठ रेषा एकमेकींना माहिती पुरवतात, एका कोपऱ्यातला शोध अर्ध्या तासाने दुसऱ्या कोपऱ्यात उपयोगी पडतो, चित्र हळूहळू धुक्यातून वर येतं. हा अनुभव दहा रेषांत मिळणार नाही, कधीच नाही. ज्याला तो हवा आहे त्याने मोठंच कोडं घ्यावं. मात्र ‘जास्त’ आणि ‘चांगलं’ या दोन बाबींची गल्लत इथे होते. बुद्धिबळातल्या रचनांचं, म्हणजे पटावर मांडून दिलेल्या कोड्यांचं, जग या बाबतीत आपल्या पुष्कळ पुढे आहे. तिथे दोन चालींत मात करण्याच्या रचना, तीन चालींच्या, त्याहून लांब, डावाच्या अखेरचे अभ्यास, असे विभागच वेगळे. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नावाने निवडक रचनांचे जे संग्रह निघतात, त्यांत प्रत्येक विभागाला वेगळे तीन परीक्षक असतात. प्रत्येकाने शून्य ते चार गुण द्यायचे आणि तिघांची बेरीज आठ झाली तर रचना संग्रहात येते. दोन चालींच्या रचनेला कुणी असं म्हणत नाही की तुझ्यात बारा चाली नाहीत म्हणून तुला दोनच गुण. उलट पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असतील तर त्या रचनेला ‘मिनिएचर’ म्हणून वेगळा मान आहे. कमी सोंगट्यांत काम साधणं हा तिथे गुण मानला जातो, आणि पटावर निष्कारण उभी असलेली प्रत्येक सोंगटी दोष. आपल्याकडे मोठ्या चौकटीतल्या शेकडो निष्कारण घरांना कुणी दोष मानलाय का? कडेची रिकामी पट्टी, भरीव काळी जमीन, ज्यांत सोडवणारा नुसता रंगारी होतो, ती आपण ‘भव्यते’च्या खात्यात जमा करतो.

काठिण्याचा गोंधळ याच्याच शेजारचा. अवघड म्हणजे चांगलं, हे इतकं रुजलंय की सोपं आणि सुंदर कोडं सोडवून ‘फारच सोपं’ म्हणत लोक दोन तारे देतात, जणू कोड्याने काही फसवणूक केली. काठिण्य ही माहिती आहे. ती लेबलावर असावी, म्हणजे ज्याला जे हवं ते तो निवडेल. सुडोकूचं उदाहरण घ्या. एकच उत्तर असलेल्या सुडोकूत किमान १७ आकडे दिलेले असावेच लागतात, हे २०१२ साली गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाच्या मदतीने सिद्ध केलं. १७ आकड्यांची सुडोकू दिसायला भयंकर वाटते, पण तशी कित्येक सुडोकू अगदी साध्या युक्त्यांनी सुटतात, आणि सोडवण्याची सर्वांत सुंदर सुडोकू म्हणून जाणकार त्यांच्याकडे बोट दाखवत नाहीत. दिसणारी दुर्मिळता, जाणवणारं काठिण्य आणि रचनेचं सौंदर्य या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जिम्नॅस्टिक्समध्ये हा धडा मोठी किंमत मोजून शिकावा लागला. १९७६ साली माँट्रियलला नादिया कोमानेचीला पहिले दहापैकी दहा मिळाले तेव्हा फलकावर १.०० उमटलं, कारण दहाची सोयच केलेली नव्हती. पुढे दहाच्या त्या एकाच आकड्यात काठिण्य आणि सफाई दोन्ही कोंबत राहिल्यामुळे वाद वाढत गेले, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या तंट्यानंतर २००६ मध्ये दोन गुण वेगळे केले गेले: कसरत किती अवघड होती याचा एक, ती किती नीट झाली याचा दुसरा. तिथे शेवटी दोन्हींची बेरीज करतात, कारण पदक द्यायचं असतं. आपल्याला पदक द्यायचं नाही. मग बेरजेचा हट्ट कशासाठी?

मोठ्या कोड्यांचे तारे जास्त असतात हा पुरावा म्हणूनही पुढे केला जातो: लोकांनाच ती जास्त आवडतात, बघा सरासरी. या सरासरीत कोण आहे ते बघा. गुण देण्याची वेळ कोडं संपल्यावर येते. ५ बाय ५ सगळेच संपवतात. ज्याला हा प्रकार मुळात आवडत नाही तोही, पहिल्यांदाच आलेलाही, चुकून उघडणाराही. ४० बाय ४० चं कोडं ज्याला कंटाळवाणं वाटलं तो दहाव्या मिनिटाला ते सोडून जातो आणि त्याचं मत कुठेच नोंदलं जात नाही. शेवटपर्यंत टिकतात ते आधीपासूनचे चाहते. त्यातही ज्याने दोन तास घातले त्याला ते दोन तास वाया गेले असं म्हणणं जड जातं. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांचा १९५९ मधला प्रयोग प्रसिद्ध आहे: एका चर्चागटात प्रवेश मिळवण्यासाठी ज्या विद्यार्थिनींना जास्त संकोचाची परीक्षा द्यावी लागली, त्यांना मुद्दाम रटाळ ठेवलेली चर्चा इतरांपेक्षा चांगली वाटली. कष्ट पडले की आपण त्या कष्टांची किंमत वस्तूवर चढवतो. म्हणजे लहान कोड्याची सरासरी सगळ्या जगाकडून येते आणि मोठ्याची त्याच्या भक्तांकडून. या दोन सरासऱ्या शेजारी ठेवून निकाल देणं हा न्याय म्हणता येईल का? मतं किती पडली हेही बघितलं जात नाही. एकाच माणसाने पाहून आवडलं म्हटलेलं कोडं शंभर टक्क्यांवर बसतं, आणि चाळीसपैकी छत्तीस जणांना आवडलेलं नव्वदवर, म्हणजे त्याच्या खाली. गणितज्ञ लाप्लास यांनी अठराव्या शतकात सुचवलेला साधा उपाय आहे: अनुकूल मतांत एक आणि एकूण मतांत दोन मिळवा. पहिलं कोडं तीनपैकी दोनवर, म्हणजे सदुसष्टच्या आसपास येतं; दुसरं बेचाळीसपैकी सदतीसवर, अठ्ठ्याऐंशीच्या वर. एका ओळीचं गणित आहे, कुणालाही करता येईल.

आता दुसऱ्या तटाकडे वळतो, कारण ‘द्या पाच’ म्हणणाऱ्यांनी लहान कोड्यांचं जास्त नुकसान केलंय. सगळ्यांनाच पाच दिले की बदाम आणि बदक यांतला फरक पुसला जातो, आणि मग पहिला तट म्हणतो, बघा, लहान कोड्यांचे तारे फुगवलेलेच असतात. नवख्याला सांभाळून घ्यावं हे मला मान्य आहे. त्याला दोन ओळी लिहून काय चुकलं ते सांगावं, चांगलं काय होतं तेही सांगावं. पण कोडं सदोष असेल तर त्याला गुण देऊच नयेत, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. ते दुरुस्तीसाठी परत जावं. सर्वांत मोठा दोष म्हणजे एकाहून अधिक उत्तरं. २ बाय २ ची चौकट घ्या, दोन्ही ओळींना आणि दोन्ही स्तंभांना १. डावीकडून उजवीकडे उतरणारा कर्णही बसतो आणि उजवीकडून डावीकडे उतरणाराही. सोळा शक्य चित्रांपैकी ही दोन एकमेकांत मिसळतात, उरलेली चौदा सुरक्षित. हाच छोटा चौकोन मोठ्या चित्रात दबा धरून बसतो: रात्रीच्या आकाशात विखुरलेले तारे, पावसाचे थेंब, चेहऱ्यावरचे ठिपके, असं सुटं-सुटं काही असलं की दोन थेंबांनी जागा बदलली तरी आकडे तेच राहतात. गणितात या अदलाबदलीचा अभ्यास हर्बर्ट रायझर यांनी १९५७ मध्येच केला होता. नोबुहिसा उएदा आणि तादाआकी नागाओ यांनी १९९६ साली दाखवलं, की मोठ्या चौकटींसाठी एक उत्तर हातात असतानाही दुसरं आहे का हे तपासण्याचा सर्वत्र चालेल असा झटपट मार्ग मिळण्याची आशा फार कमी आहे. १० बाय १० ला मात्र संगणक क्षणात उत्तर देतो. मग लहान कोडं दुहेरी उत्तराचं निघालं, तर तो निव्वळ आळस आहे. बुद्धिबळाच्या रचनांत रचनाकाराला न सुचलेलं दुसरं उत्तर निघालं तर बक्षीस परत जातं, मग नाव कितीही मोठं असो. सोडवणाऱ्याला शेवटच्या दोन घरांशी आणून ‘आता अंदाज कर’ म्हणणं हा त्याने तोवर केलेल्या प्रामाणिक तर्काचा अपमान आहे, आणि तो पंचवीस घरांत झाला म्हणून लहान होत नाही.

शेवटी एक आक्षेप उरतो, आणि तो मी सर्वांत गंभीरपणे घेतो: आवडीनिवडीला मोजपट्टी लावू नये. रोजे द पील या फ्रेंच समीक्षकाने १७०८ साली चित्रकारांचा तक्ताच केला होता. रचना, रेखाटन, रंग आणि भावदर्शन असे चार रकाने, प्रत्येकाला वीसपैकी गुण. त्यात कारावाज्जोला भावदर्शनात शून्य आहे. मायकेलअँजेलोला रंगात चार. राफेल आणि रुबेन्स दोघांची बेरीज पासष्ट, जणू ते दोघे एकाच जागी उभे आहेत. हे पाहिल्यावर कुणीही म्हणेल की असल्या भानगडीत पडूच नये. पण चूक कुठे झाली? रकाने वेगळे केले ही चूक नव्हती. राफेलचं रेखाटन अठरा आणि रंग बारा, रुबेन्सचं रेखाटन तेरा आणि रंग सतरा, हे वाचून दोघांबद्दल काहीतरी नक्की कळतं. चूक एका विशिष्ट धाटणीची चित्रकला मनात धरून सगळ्यांना त्याच रकान्यांत बसवण्यात होती, आणि बेरीज करण्यात. आपल्याकडेही संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने व्यंग्यार्थ, म्हणजे शब्दांतून सूचित होणारा अर्थ, हा एकच निकष धरून काव्याच्या प्रती लावल्या, तेव्हा चित्रकाव्य तळाशी गेलं. पाकळ्यांत अक्षरं बसवून कमळ साधणारे बंध रचणाऱ्या कवीची करामत त्या निकषाला दिसूच शकत नव्हती. निकष खोटा नव्हता, तो त्या प्रकाराचा नव्हता. मोठ्या कोड्याच्या निकषाने लहान कोडं मोजताना आपण हेच करतो. ‘मोजूच नका’ असं म्हणून सुटका होत नाही, कारण मोजणं चालूच आहे. रोज चालू आहे. त्या आकड्यांवरून कोडी वरखाली लावली जातात, आणि रचणारे त्यावरून शिकतात. ज्याला ५ बाय ५ उत्तम जमतं तो तारे पाहून २० बाय २० कडे वळतो आणि तिथे चारशे घरं भरवतो. लहान चौकटीत मग उरतात ते बदाम आणि बाण, आणि लहान कोडी उथळच असतात हे म्हणणं आपोआप खरं ठरत जातं.

व्यवहारात हे कसं करायचं, असा प्रश्न येतो. दोन मिनिटांच्या कोड्यानंतर तीन प्रश्नांचा अर्ज कोण भरेल? कुणी भरणार नाही, आणि भरायची गरजही नाही. मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेला मार्ग इथे सरळ लागू पडतो. माणसाला एखाद्या गोष्टीला नेमका आकडा देता येत नाही, पण दोन गोष्टींतली कोणती सरस हे तो बऱ्यापैकी सांगतो, आणि अशा पुष्कळ जोड्यांमधून सगळ्यांचा क्रम लावता येतो. बुद्धिबळपटूंचं मानांकनही त्याच धर्तीवर, कोण कुणाला हरवतो यावरून ठरतं. तिथेही कुणी खेळाडूला तारे देत नाही. तेव्हा सोडवणाऱ्याला एकाच आकाराची दोन कोडी पाठोपाठ द्या आणि एकच विचारा: या दोहोंत विचार करायला कोणतं जास्त आवडलं? चित्राबद्दल विचारायचं असेल तर दुसऱ्या जोडीला विचारा. उत्तराला एक टिचकी पुरते. यात आकाराचा प्रश्न उरत नाही, कारण दोन्ही सारखी आहेत. दयाबुद्धीचा उरत नाही, कारण एकाला झुकतं माप दिलं की दुसऱ्यावर अन्याय होतो. कष्टांचं वजनही उरत नाही, कारण दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागलेला असतो. आणि ही पद्धत लहान कोड्यांनाच सर्वांत चांगली जमते. ५ बाय ५ ची दोन कोडी एका बैठकीत, दोन्हींचा तर्क ताजा असताना ताडून पाहता येतात. ४० बाय ४० ची दोन पाठोपाठ कोण सोडवणार, आणि दुसरं संपेपर्यंत पहिल्यातलं कोणतं पाऊल कुणाच्या लक्षात राहणार? त्या मोठ्या कोड्यांसाठी तारे राहू द्यावे लागतील, सगळे दोष धरून. लहान कोड्यांना त्यांची गरज नाही.